पेट्रोल संपलेली चढाई: हरत आलेला जर्मनी १९४४-४५ मधे सारखे हल्ले का करत सुटला होता?

बेल्जियममधे डोंगराळ भागात ला ग्लेझ नावाचं एक छोटंसं गाव आहे. तिथल्या म्युझियमसमोर एक जर्मन किंग टायगर रणगाडा आजही उभा आहे, अंगावर २१३ नंबर. वजन जवळपास ७० टन, चिलखत एवढं जाड की समोरून गोळा मारून तो थांबवायचा विषयच नाही. आता त्याचं पेट्रोल बघा. सगळ्या टाक्या मिळून ८६० लिटर, आणि चांगल्या रस्त्यावर तेवढ्यात तो फार तर १७० किलोमीटर जायचा. ऍव्हरेज काढा की राव, लिटरला २०० मीटर सुद्धा नाही! शेतातून, चढावरून नेला तर १४० मीटर वगैरे. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच.

माझा भाचा मोबाईलवर टँकचं कुठलंतरी गेम खेळतो, त्याचा हा लाडका टँक. त्याने मला विचारलं, मामा, एवढा भारी टँक असून जर्मनी हरला कसा? त्याला म्हटलं तुझ्या गेममधे पेट्रोल भरावं लागतं का, तर म्हणे नाही. मग झालं तर.

पण मला त्याच्यापेक्षा वेगळा प्रश्न जास्त छळतो. डिसेंबर १९४४ मधे जर्मनी हरणार हे जवळजवळ सगळ्यांना कळलं होतं, त्यांच्या सेनापतींना सुद्धा. मग अशा वेळी शहाणा माणूस काय करेल, आहे ते धरून बसेल, नदी-डोंगर बघून बचावाची रेषा आखेल, राखीव फौज मागे ठेवेल. यांनी काय केलं, तर हातात होते तेवढे सगळ्यात चांगले टँक, सगळ्यात चांगली माणसं आणि थेंब थेंब साठवलेलं पेट्रोल घेऊन हल्ला केला. तो फसला, मग दुसरीकडे हल्ला केला. तोही फसला, मग तिसरीकडे. आणि खरा घाव जिथे बसणार होता तिथे फौजच नाही. हे का झालं ते समजून घेण्यासाठी हा लेख, जरा लांबलाय, चहा घेऊन बसा.

आधी १९४४ च्या उन्हाळ्यात काय झालं ते पटकन. ६ जूनला मित्रराष्ट्रं नॉर्मंडीत उतरली. २२ जूनला रशियनांनी बेलारूसमधे मोठी मोहीम सुरू केली आणि जर्मनांचा तिथला अख्खा आर्मी ग्रुप सेंटर (अनेक आर्म्या मिळून एक आर्मी ग्रुप) काही आठवड्यांत मोडून टाकला, लाखोंनी माणसं गेली. (नॉर्मंडीवर एवढे सिनेमे, या मोहिमेचं नाव पण कोणाला माहीत नसतं, असो.) ऑगस्टच्या शेवटी रोमानिया फिरला आणि प्लोएश्तीचं तेल गेलं. जर्मनी कोळशापासून कारखान्यात पेट्रोल बनवायचा, लॉयना वगैरे ठिकाणी, त्या कारखान्यांवर १२ मे १९४४ पासून अमेरिकन बॉम्बर तुटून पडले होते. सप्टेंबरपर्यंत विमानाच्या पेट्रोलचं उत्पादन एप्रिलच्या दहा टक्क्यांच्या पण खाली गेलं. म्हणजे गंमत बघा, त्याच वर्षी जर्मन कारखान्यांतून विमानं विक्रमी संख्येने बाहेर पडत होती आणि ती उडवायला पेट्रोल नाही, नव्या पायलटला शिकवायला तर त्याहून नाही. दारात गाडी आणि टाकी कोरडी.

अशा परिस्थितीत १६ सप्टेंबर १९४४ ला हिटलरने आपल्या जवळच्या सेनापतींना सांगितलं की मी हल्ला करणार. कुठे, तर आर्देनच्या जंगलातून, आणि लक्ष्य बेल्जियममधलं अँटवर्प बंदर.

आता हे ऐकायला वेडेपणा वाटतं पण त्यामागे एक हिशोब होता, तो नीट समजून घ्या. पूर्वेला रशियन फौज एवढी मोठी की तिथे तीसेक डिव्हिजन (हजारो सैनिकांची एक मोठी तुकडी म्हणजे डिव्हिजन) टाकल्या तरी समुद्रात लिंबू पिळल्यासारखं. पश्चिमेला अमेरिकन आणि ब्रिटिश फौजा त्यामानाने कमी, आणि त्यांची रसद लांबून यायची. अँटवर्प हे मोठं बंदर मित्रराष्ट्रांच्या हातात ४ सप्टेंबरलाच आलं होतं, पण समुद्राकडून येणारी नदीची वाट जर्मनांनी अडवून धरल्यामुळे पहिला जहाजांचा ताफा लागायला २८ नोव्हेंबर उजाडला. ते बंदर परत घेतलं तर उत्तरेकडच्या ब्रिटिश-कॅनेडियन फौजा दक्षिणेकडच्या अमेरिकनांपासून तुटतील, दोघांत भांडणं लागतील, कदाचित तह होईल, मग सगळं बळ रशियावर. शिवाय हिटलरच्या डोक्यात फ्रेडरिक द ग्रेट बसला होता, जो १७६२ मधे हरता हरता वाचला कारण रशियाची महाराणी मेली आणि नवा झार त्याच्या बाजूचा निघाला. तसंच काहीतरी आपलं पण होईल. थोडक्यात, बचाव केला तर हळूहळू हरणार हे नक्की, मग सगळे पैसे एका पत्त्यावर लावू. जुगारात हरत आलेला माणूस बघितलाय ना, दहा-दहा लावत हरला की शेवटी घड्याळ काढून टेबलावर ठेवतो.

त्याचे सेनापती काय म्हणत होते? पश्चिमेचा मुख्य रुंडश्टेट आणि आर्मी ग्रुप बी चा मोडेल, दोघांनी प्लॅन बघितला आणि म्हणाले अँटवर्प आपल्या आवाक्यात नाही. त्यांनी छोटा प्लॅन सुचवला, आखेनच्या आसपास ज्या अमेरिकन डिव्हिजन पुढे आल्यात तेवढ्या कात्रीत पकडू. अंथरूण पाहून पाय पसरा, एवढंच. हिटलर म्हणाला नाही, अँटवर्प म्हणजे अँटवर्प.

गुप्तता मात्र जबरदस्त पाळली, हे मान्य करायला हवं. ब्रिटिश लोक जर्मनांचे वायरलेस संदेश फोडून वाचत होते हे जर्मनांना कधी कळलं नाही, पण या मोहिमेचे हुकूम वायरलेसवर गेलेच नाहीत, कागद माणसाच्या हातून आणि बाकी टेलिफोनच्या तारेवरून. जर्मनी आता स्वतःच्या हद्दीत लढत होता ना, त्याचा हा फायदा. मोहिमेचं नाव पण ‘र्‍हाईनवरचा पहारा’, म्हणजे कोणी ऐकलं तरी वाटावं बचावाची तयारी चाललीय.

१६ डिसेंबर १९४४, पहाटे साडेपाच. सुमारे १६०० तोफा एकदम सुरू झाल्या. सुरुवातीला दोन लाख जर्मन, समोर ऐंशी हजारांच्या आसपास अमेरिकन, त्यातले बरेच एकतर अगदी नवखे किंवा आधीच्या लढाईत पिळून निघाल्यामुळे आराम करायला पाठवलेले. आकाशात ढग एवढे खाली की मित्रराष्ट्रांची विमानं उडूच शकत नव्हती. हिटलरने मुद्दाम तसंच हवामान निवडलं होतं. आता विचार करा, ज्या हल्ल्याची पहिली अट ‘आकाश ढगाळ राहू दे’ अशी आहे त्याचं आयुष्य किती असणार?

तीन आर्म्या होत्या. उत्तरेला डीट्रिशची सहावी पँझर (म्हणजे टँकची) आर्मी, सगळ्यात लाडकी, एसएसच्या (नाझी पक्षाच्या स्वतःच्या फौजेच्या) डिव्हिजन आणि सगळ्यात चांगलं सामान तिला. मधे मान्टॉयफेलची पाचवी पँझर आर्मी. दक्षिणेला ब्रांडनबेर्गरची सातवी, जिला कडेची राखण करायची होती आणि टँक जवळपास नव्हतेच. झालं काय की लाडकी होती तीच अडकली. एल्सेनबॉर्नच्या डोंगरधारेवर दोन अमेरिकन डिव्हिजन, एक नवीन आणि एक जुनी, चिवटपणे बसून राहिल्या आणि जर्मनांना हवे होते ते रस्ते मिळालेच नाहीत. लांझेराथ नावाच्या वाडीजवळ तर एका टेहळणी तुकडीच्या १८ पोरांनी आणि चार तोफखान्याच्या निरीक्षकांनी मिळून जर्मन पॅराशूट रेजिमेंटच्या लोकांना जवळपास अख्खा दिवस रोखलं. संध्याकाळी गोळ्या संपल्या तेव्हा पकडले गेले. पण तो एक दिवस गेला तो गेलाच, मागे सगळी वाहनांची रांग तुंबून बसली, आपल्याकडे घाटात एक ट्रक बंद पडल्यावर होते तशी.

त्या रांगेत पाइपर नावाच्या एसएस अधिकाऱ्याची तुकडी होती, जिच्याकडे हे किंग टायगर. ती १७ तारखेला कशीबशी निसटून पुढे धावली. ब्युलिंगन गावात तिला अमेरिकनांचा पेट्रोलचा साठा सापडला, दोन लाख लिटरच्या आसपास, आणि पकडलेल्या अमेरिकनांकडूनच टाक्या भरून घेतल्या. त्याच दिवशी दुपारी माल्मेडीजवळ बोन्ये चौकात या तुकडीच्या लोकांनी शरण आलेल्या अमेरिकन सैनिकांना शेतात उभं करून गोळ्या घातल्या, ८४ जण मेले. हे मधेच सांगतोय कारण ऑनलाइन जर्मन टँकवाल्यांचं कौतुक करणारे लोक नेमकं एवढंच विसरतात.

पुढे स्टॅव्हलो. आता इथे नशिबाचा खेळ बघा. स्टॅव्हलोच्या उत्तरेला फ्रँकोरशांच्या रस्त्याकडेला पेट्रोलच्या कॅनच्या थप्प्याच्या थप्प्या रचलेल्या होत्या, पाइपरला पुरून उरलं असतं एवढं. तिथल्या राखणदारांनी रस्त्यावर कॅन ओतून पेटवून दिले, आगीची भिंत केली. आणि पाइपरला त्या साठ्याचा पत्ताच नव्हता! तो पश्चिमेकडे वळला. त्र्वा पाँ इथे अमेरिकन इंजिनियर लोकांनी त्याच्या समोर पूल उडवला, तो वळसा घालून गेला, पुढे अजून एक पूल उडवला. शेवटी ला ग्लेझमधे चारी बाजूंनी कोंडला गेला, पेट्रोल संपलं, दारूगोळा संपत आला, आणि २४ डिसेंबरच्या पहाटे, काळोखातच, आठशे माणसं सगळे टँक आणि गाड्या तिथेच टाकून, बर्फातून पायी चालत परत गेली. लिटरला २०० मीटर.

मधल्या मान्टॉयफेलने मात्र खरोखर जोर मारला. पण त्याच्या वाटेत बास्टोन होतं, जिथे सात रस्ते एकत्र येतात, आणि तिथे अमेरिकेची १०१ वी एअरबोर्न (छत्रीधारी सैनिकांची) डिव्हिजन येऊन बसली. २२ डिसेंबरला जर्मनांनी शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली, त्यावर मॅकऑलिफ नावाच्या जनरलने एका शब्दात उत्तर दिलं, ‘नट्स!’, ज्याचं सभ्य मराठी ‘हट्!’ होईल, असभ्य तुम्हाला येतंच. २३ ला आकाश उघडलं आणि विमानं आली. २४ ला जर्मनांची सगळ्यात पुढची दुसरी पँझर डिव्हिजन सेल गावापाशी पोचली, म्यूज नदी तिथून दहा किलोमीटर पण नाही, आणि तिथे तिचं पेट्रोल संपलं. ख्रिसमसच्या दिवशी अमेरिकन टँक आले आणि उभ्या उभ्या गाड्या फोडत गेले. अँटवर्प तिथून अजून शंभर किलोमीटर होतं.

पेट्रोल अजिबात नव्हतं असं नाही बरं का. साठवलं होतं, पण त्यातलं बरंच र्‍हाईनच्या पलीकडे, लांब मागे. पुढे आणायला ट्रक हवेत, ट्रकला परत पेट्रोल हवं, अरुंद बर्फाळ रस्त्यांवर टँक, ट्रक आणि घोडागाड्या एकत्र. हो, घोडागाड्या. जर्मन फौज म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर टँक येतो, पण शेवटपर्यंत तिच्या बहुतेक पायदळाच्या तोफा आणि सामान घोडेच ओढत होते. रसद म्हणजे काय हे पानिपत वाचून मोठं झालेल्या आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

अमेरिकेचे या लढाईत १९ हजारांच्या आसपास सैनिक मेले. जर्मनांचं एकूण नुकसान, मेलेले-जखमी-पकडलेले धरून, ऐंशी हजार ते लाखाच्या घरात. अमेरिकेने आपलं नुकसान काही आठवड्यांत भरून काढलं. जर्मनांना ते कधीच भरून काढता आलं नाही. त्यात १ जानेवारी १९४५ ला लुफ्तवाफेने, म्हणजे जर्मन हवाई दलाने, मित्रराष्ट्रांच्या विमानतळांवर मोठा हल्ला केला, बरीच विमानं जमिनीवर फोडली पण दोनशेच्या वर स्वतःचे पायलट गमावले. समोरच्याची विमानं गेली, यांची माणसं गेली. विमान आठवड्यात नवीन येतं.

आता पूर्वेकडे चला, कारण खरा पंचनामा तिथे आहे.

गुडेरियन हा तेव्हा लष्कराचा चीफ ऑफ जनरल स्टाफ, पूर्व आघाडी त्याच्या गळ्यात. २४ डिसेंबरला तो हिटलरच्या पश्चिमेतल्या मुख्यालयात गेला आणि म्हणाला की आर्देनचं झालं तेवढं पुरे, फौज काढा आणि पूर्वेला द्या, रशियन व्हिस्चुला नदीवर जमतायत, जानेवारीत येणार. हिटलर म्हणाला हे आकडे म्हणजे चंगीझखानानंतरची सगळ्यात मोठी थाप आहे. गुडेरियन निघून गेल्यावर त्याला न विचारता वॉर्साजवळची एक चांगली एसएस पँझर कोअर उचलून हंगेरीला पाठवली गेली. ९ जानेवारीला तो परत आला. तेव्हा हिटलर म्हणाला, पूर्व आघाडीकडे एवढी राखीव फौज आजवर कधीच नव्हती. गुडेरियनच्या आठवणींप्रमाणे त्याचं उत्तर असं की पूर्व आघाडी म्हणजे पत्त्यांचा बंगला आहे, एका जागी फुटली की सगळी कोसळेल. राखीव किती होती? बाराशे किलोमीटरच्या आघाडीमागे साडेबारा डिव्हिजन.

१२ जानेवारीला रशियन सेनापती कोनेव्ह निघाला, १४ ला दुसरा सेनापती झुकॉव्ह. २२ लाखांच्या आसपास रशियन फौज. आणि ज्या थोड्या पँझर डिव्हिजन राखीव होत्या त्या हिटलरच्या आग्रहामुळे आघाडीच्या एवढ्या जवळ उभ्या केल्या होत्या की तोफांच्या पहिल्याच माऱ्यात त्यांची वाट लागली. ही गोष्ट जरा लक्षात ठेवा, पुढे याचीच उलट बाजू येणार आहे. १७ जानेवारीला वॉर्सा गेलं, २७ ला ऑशविट्झ मुक्त झालं, ३१ ला झुकॉव्हची पहिली माणसं ओडर नदी ओलांडून उभी होती, बर्लिन तिथून ७० किलोमीटर. म्हणजे तीन आठवड्यांच्या आत जवळपास ५०० किलोमीटर. जर्मन सैन्याची मनुष्यहानी अभ्यासलेल्या इतिहासकाराच्या हिशोबात त्या एका जानेवारी महिन्यात साडेचार लाखांच्या आसपास जर्मन सैनिक मेले, सगळ्या युद्धातला सगळ्यात भयंकर महिना. स्टालिनग्राडचा महिना सुद्धा त्याच्यापुढे लहान.

आता तरी आर्देनमधून काढलेली सहावी पँझर आर्मी ओडरवर येईल ना? गुडेरियनला पण तसंच वाटलं. हिटलरने ती हंगेरीला पाठवली!

कारण परत तेल. प्लोएश्ती गेल्यावर हंगेरीतल्या नागीकनिझाच्या आसपासच्या विहिरी आणि ऑस्ट्रियातल्या थोड्याफार, एवढंच नैसर्गिक तेल उरलं होतं. हिटलरचं म्हणणं, ते गेलं तर टँक असून उपयोग काय. मुद्दा सरळ ऐकला तर चूक नाही, आणि म्हणूनच मला तो जास्त करुण वाटतो. पण गुडेरियन म्हणत होता की बर्लिन गेल्यावर तुम्ही तेल घालणार कुठे. दोघांचंही बरोबर आणि त्यामुळेच कोणाकडेच उत्तर नाही, कारण फौज एक आणि भोकं दोन.

६ मार्च १९४५ ला बालातोन तलावापाशी हल्ला सुरू झाला, नाव ‘वसंतातली जाग’. नाव ठेवणाऱ्याने खिडकीबाहेर बघितलं नसावं. बर्फ वितळत होता, पाऊस आणि बर्फ आलटून पालटून, आणि हंगेरीतली ती सपाट जमीन म्हणजे नुसता राडा. आपल्याकडे पहिल्या पावसानंतर काळ्या रानात ट्रॅक्टर घातला तर काय होतं, तर इथे ७० टनी टँक. डीट्रिशने नंतर सांगितलं की काही किंग टायगर बुरुजापर्यंत रुतले. टँकला रस्ता सोडता येईना, आणि रस्त्यावर रशियन तोफा आधीच नेम धरून बसलेल्या, कारण तिथल्या रशियन सेनापतीला, टोल्बुखिनला, हल्ल्याचा सुगावा लागला होता आणि त्याने १९४३ च्या कुर्स्कच्या लढाईसारखी एकामागे एक टँकविरोधी पट्ट्यांची तटबंदी उभी केली होती. त्यातून सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे मॉस्कोने त्याला स्पष्ट सांगून ठेवलं होतं की मागे उभी असलेली ताजी नववी गार्ड्स आर्मी या बचावात अजिबात वापरायची नाही, ती आपल्या पुढच्या हल्ल्यासाठी आहे. म्हणजे जर्मनांचा शेवटचा मोठा हल्ला चालू आहे आणि समोरचा माणूस राखीव फौजेला हात सुद्धा न लावता तो झेलतोय. तीसेक किलोमीटर जाऊन हल्ला बसला. १६ मार्चला ती ताजी आर्मी घेऊन रशियन निघाले, १३ एप्रिलला व्हिएन्ना पडलं.

हिटलर एवढा चिडला की त्याने त्या एसएस डिव्हिजनना, स्वतःचं नाव मिरवणाऱ्या लाइबश्टांडार्टला सुद्धा, बाहीवरच्या नावाच्या पट्ट्या काढायचा हुकूम दिला. चिखलात रुतलेल्या माणसाला सांगायचं की तुझं नाव काढून ठेव. डीट्रिशचा एक विनोद त्यांच्यात फिरायचा म्हणतात, आमच्या आर्मीला सहावी पँझर आर्मी म्हणतात कारण आमच्याकडे सहाच पँझर उरलेत.

आता बचाव चांगला कसा करतात ते बघू. लोकांना वाटतं बचाव म्हणजे खंदकात घट्ट बसून राहायचं, एक इंच सोडायचा नाही. हिटलरला पण तेच वाटायचं. तो शहरांना ‘किल्ला’ घोषित करायचा आणि मग तिथली फौज आतच कुजायची, लाटव्हियातल्या कुरलंडमधे दोन लाखांच्या आसपास माणसं समुद्राला पाठ लावून मे १९४५ पर्यंत बसून होती, बर्लिनच्या उपयोगाची शून्य. चांगला बचाव लवचिक असतो. पुढची रेषा पातळ, खरी ताकद मागे, शत्रूच्या तोफांचा पहिला तडाखा रिकाम्या जागेवर जाऊ द्यायचा, तो पुढे आला की दमलेला असताना मागच्या ताज्या फौजेने हाणायचा. गनिमी काव्याच्या गोष्टी ऐकत मोठं झालेल्या माणसाला यात नवीन काही वाटणार नाही.

गोटहार्ड हाइनरित्सी हा यातला वस्ताद. बुटका, पाद्र्याचा मुलगा, अजिबात झगमगाट नाही, जुनाच कोट घालून फिरायचा, माणसं त्याला मागे ‘विषारी बुटका’ म्हणायची. १९४३ च्या शेवटी ओर्शापाशी त्याने रशियनांचे एकामागे एक हल्ले परतवले होते. २० मार्च १९४५ ला त्याला ओडरवरचा आर्मी ग्रुप मिळाला, आणि त्याच्या आधी तिथे कोण होतं माहितीये? एसएसचा मुख्य हिमलर! ज्याला फौज चालवायचा अनुभव नावापुरताच होता.

हाइनरित्सीने ओळखलं की ओडरच्या काठावर लढण्यात अर्थ नाही. नदीमागे सपाट दलदलीचा पट्टा आणि त्याच्या मागे पन्नासेक मीटर उंच झेलोच्या टेकड्या. तुम्हाला ५० मीटर म्हणजे काहीच वाटणार नाही, पर्वती पण त्याहून उंच आहे, पण समोर सगळं ताटासारखं सपाट असेल तर पन्नास मीटर म्हणजे गच्चीच. वरच्या अंगाचं धरणाचं पाणी सोडून त्याने खालची जमीन अजून चिखल करून टाकली. १५ एप्रिलला पकडलेल्या एका रशियन सैनिकाकडून कळलं की उद्या. त्या रात्री त्याने पुढच्या खंदकातली माणसं गुपचूप मागच्या रेषेत काढली.

१६ एप्रिलच्या पहाटे झुकॉव्हच्या हजारो तोफा सुरू झाल्या आणि त्यातला बराचसा मारा रिकाम्या मातीवर पडला. मग झुकॉव्हची युक्ती, १४३ सर्चलाइट एकदम लावायचे, शत्रूचे डोळे दिपतील. पण तोफांनी एवढा धुरळा उडवला होता की प्रकाश त्या भिंतीवर आपटून परत आला, धुक्यात हाय बीम मारल्यावर येतो तसा, आणि रशियन शिपाईच आंधळे झाले, वर मागून उजेड असल्यामुळे त्यांच्या सावल्या जर्मनांना स्पष्ट दिसायला लागल्या. इकडे स्टालिन फोनवर टोचतोय, कोनेव्ह दक्षिणेकडून पुढे चाललाय म्हणून. झुकॉव्हने घाईघाईत टँक आर्म्या पुढे लोटल्या आणि त्या चिखलातल्या मोजक्या रस्त्यांवर स्वतःच्याच पायदळात घुसून तुंबल्या. टेकड्या पडायला १९ तारीख उजाडली.

आणि राखीव? हाइनरित्सीचा अर्धा प्लॅन मागच्या राखीव पँझर डिव्हिजनवर उभा होता. त्यातल्या चांगल्या डिव्हिजन एप्रिलच्या सुरुवातीला हिटलरने काढून दक्षिणेला सेनापती श्योर्नरकडे पाठवल्या होत्या, कारण त्याच्या मते खरा हल्ला प्रागवर येणार होता. म्हणजे घोडा दिला आणि लगाम काढून घेतला.

सगळं मिळून काय मिळवलं, चार दिवस. त्या चार दिवसांत अंदाजे तीस हजार रशियन आणि बारा हजार जर्मन मेले, आणि मग बर्लिन पडायचं ते पडलंच. हाइनरित्सीचं कौशल्य खरं आहे पण मला त्याच्या कौतुकाने भरून येत नाही, कारण त्याने जे धरून ठेवलं ते काय होतं हेही विसरता येत नाही.

इटलीत पण हाच खेळ चालला होता, आणि तिथे आपली माणसं होती. जर्मन सेनापती केसेलरिंगने नदीमागे नदी, डोंगरामागे डोंगर असं करत मित्रराष्ट्रांना दीड वर्ष झुंजवलं. १९४५ च्या एप्रिलमधे शेवटची मोहीम निघाली तेव्हा सेनिओ नदी आडवी होती. नदी फार मोठी नाही पण पुराचं पाणी अडवायला दोन्ही बाजूंना उंच मातीचे बांध, आणि त्या बांधांच्या पोटात जर्मनांनी मशीनगनची बिळं केलेली, भोवती सुरुंग. आठव्या इंडियन डिव्हिजनमधली मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन ९ एप्रिलला तिथून पार झाली. नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातला, कंपनीचा रनर, म्हणजे निरोप्या. पलीकडच्या बांधावर सोबतची माणसं पडली, हा दोन जखमींना एकेक करून पाण्यातून, सुरुंगातून अलीकडे घेऊन आला, मग परत गेला आणि एकट्याने तीन मशीनगन बंद पाडल्या, हाताला गोळी लागल्यावर टॉमीगन टाकून नुसते हातबॉम्ब मारत. शेवटी बांधावर उभा राहून मराठ्यांची गर्जना देत मागच्या कंपन्यांना या म्हणून हात केला. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच्या आधी जुलै १९४४ मधे टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात यशवंत घाडगे गेले, त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस, मुंबई-गोवा हायवेने कधी माणगावात थांबलात तर त्यांचा पुतळा आहे. आणि त्याच एप्रिलमधे इटलीतला जर्मन सेनापती फिटिंगहॉफ परवानगी मागत होता की मला वेळेत पो नदीमागे जाऊ द्या. उत्तर आलं, नाही. पो च्या अलीकडेच त्याची फौज मोडली आणि २ मे ला इटलीतले जर्मन शरण आले.

गंमत म्हणजे जर्मनांनी हे सगळं एकदा करून बघितलं होतं. पहिल्या महायुद्धात, २१ मार्च १९१८ ला, जर्मन सेनापती लुडेनडोर्फने असाच शेवटचा डाव टाकला, साठेक किलोमीटर घुसला, पण भुकेली माणसं ब्रिटिशांच्या कोठारांपाशी खाण्यापिण्यात अडकली, तोफा मागे राहिल्या. १५ जुलैला फ्रेंचांच्या गुरोने शँपेनमधे पुढचा खंदक रिकामा करून त्यांच्या तोफा मातीवर फुकट घालवल्या, हाइनरित्सीने २७ वर्षांनी केलं तेच. ऑगस्टमधे आमिआँला कंबरडं मोडलं. हिटलर तेव्हा त्याच आघाडीवर साधा शिपाई होता.

हाइनरित्सीला २९ एप्रिलच्या सुमाराला परवानगीशिवाय माघार घेतली म्हणून काढून टाकलं, बर्लिनला बोलावलं होतं, तो हळूहळू गेला, म्हणजे गेलाच नाही, आणि १९७१ पर्यंत जगला. मोडेल पश्चिम जर्मनीतल्या रूर भागात वेढला गेला, तीन लाखांहून जास्त माणसं कैद झाली, त्याने शरण यायचं नाही म्हणून आर्मी ग्रुपच विसर्जित करून टाकला आणि २१ एप्रिलला जंगलात स्वतःवर गोळी झाडली.

आणि तो २१३ नंबर? युद्ध संपल्यावर १९४५ च्या उन्हाळ्यात अमेरिकन लोक ला ग्लेझमधलं भंगार उचलायला आले. बाकीचे टँक गेले. याची नळी लढाईतच तुटली होती, तो शेतात पडलेला, ओढून नेणार तेवढ्यात गावातली एक बाई कोन्याकची बाटली घेऊन आली आणि म्हणाली हा राहू द्या, असं गावात सांगतात. सौदा जमला. नळीला नंतर दुसऱ्या टँकचं तोंड जोडून दिलं, आणि तेव्हापासून तो त्याच गावात उभा आहे.